नाचाची गाणी आणि आमचे टीकाकार

मराठी गाण्याच्या प्रांतात २०२४ हे साल मोठे गमतीचे गेले. त्या वर्षाच्या आरंभी संजू राठोड या जळगाव जिल्ह्यातील तरुणाचे ‘गुलाबी साडी’ हे गाणे निघाले, आणि उन्हाळ्याची लग्नसराई उलटेपर्यंत ते गावोगावच्या वरातींतून असे काही फिरले की, ज्याच्या कानावरून ते गेलेच नाही असा मनुष्य आमच्या उमरखेडात शोधूनही सापडला नसता. पाठोपाठ पावसाळ्यात क्रेटेक्स व श्रेयस या दोघांचे ‘तांबडी चामडी’ आले. पहिले गाणे चालीवर म्हटलेले व मधूनमधून रॅपच्या वळणाने बोललेले; दुसरे तर ‘हाऊस’ नावाच्या विलायती नाचाच्या ठेक्यावर बसविलेले सरळसरळ मराठी रॅपच. दोन्ही गाणी नाचण्यासाठी केलेली आहेत. त्यांच्या कर्त्यांनी त्याहून मोठा दावा केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

परंतु दावा केला नाही म्हणून भांडण चुकते असे थोडेच आहे? या गाण्यांवरून सुशिक्षित घरांत दोन तट पडले आहेत. एका तटाच्या मते ही गाणी म्हणजे मराठी भाषेचा व अभिरुचीचा अंत होय. दुसऱ्याच्या मते ती मराठीच्या दिग्विजयाची नांदी होय. पहिला तट कानांवर हात ठेवतो, दुसरा बोटांवर आकडे मोजतो. गाणे मात्र दोघेही ऐकत नाहीत. आम्ही या लेखात दोघांशीही भांडणार आहोत. पण पहिल्या तटात आमच्या स्नेह्यांचा भरणा अधिक असल्यामुळे त्याच्याशी अधिक भांडणार आहोत, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

या मंडळींचा पहिला आक्षेप असा की, या गाण्यांना अर्थ नाही. ‘तांबडी चामडी’मध्ये काही निरर्थक अक्षरांची पुनःपुन्हा आवृत्ती आहे, तेवढे बोट धरून एका वकीलसाहेबांनी आम्हांस विचारले, “याला काव्य म्हणावयाचे काय?” काव्य म्हणा असा आमचा आग्रह मुळीच नाही. परंतु हेच साहेब मैफलीत तराणा रंगला म्हणजे मांडीवर ताल धरतात, आणि ‘तोम्’, ‘तनन’, ‘दिर दिर’ या अक्षरांचा अर्थ गवयास विचारीत नाहीत. ढोलकीच्या तोंडून निघणाऱ्या बोलांचाही कोणी अन्वय लावीत नाही. अर्थ सुटलेले अक्षर तालाला अधिक घट्ट चिकटते, ही गोष्ट आपल्या संगीताला शेकडो वर्षे ठाऊक आहे. मग एका पोराने तीच युक्ती विलायती ठेक्यावर केली की तिच्यात भाषेचा अधःपात कोठून दिसू लागतो?

यावर उत्तर येते की, शास्त्रोक्त संगीताचे निराळे. येथे नुसती अक्षरांची घाई आहे, गाणे नव्हे तर बडबड आहे. या उत्तरात आपल्याच वाङ्मयाचे विस्मरण आहे. अमृतराय (१६९८–१७५३) हा कवी आमच्याच वऱ्हाडातील साखरखेर्ड्याचा. त्याच्या कटावांची कीर्ती मराठीच्या प्रत्येक इतिहासकाराने गाइली आहे. कटाव म्हणजे काय? अक्षरांची दाटी, यमकावर यमक, अनुप्रासांचा मारा, आणि श्वास न टाकता म्हणत सुटण्याची धावती चाल. कीर्तनकार कटाव म्हणू लागला म्हणजे श्रोत्यांना प्रत्येक शब्दाचा अर्थ लागतोच असे नाही. जिभेची कसरत व ठेक्यावर नेमके उतरणे यांतच अर्धी मौज असते. अमृतरायाने त्यातून देवाचे रूप उभे केले आणि आजचा मुलगा त्यातून उन्हात चमकणारी कातडी उभी करतो, हा भेद विषयाचा झाला. रीतीत जो भेद आहे तो आम्हांस मोठा वाटत नाही. शाहिरांचे सवालजवाब आणि कलगीतुऱ्याचे सामने ज्यांनी ऐकले आहेत, त्यांस दोन रॅपवाल्यांची जुगलबंदी परदेशी वाटण्याचे काहीच कारण नाही. आमच्या टीकाकारांनी एवढे तरी वाचले असते, तर ‘हे आपले नव्हेच’ असे म्हणण्यापूर्वी ते क्षणभर थबकले असते.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे व तो बहुधा इंग्रजी वाचणाऱ्या तरुण टीकाकारांकडून येतो. ते म्हणतात की, रॅप हे अमेरिकेतील पीडित कृष्णवर्णीयांच्या संतापाचे काव्य. त्याला लग्नाच्या मांडवात आणून नाचविणे म्हणजे त्याची विटंबना होय. हे बोलणे ऐकावयास भारदस्त आहे, फक्त खरे नाही. रॅपचा जन्म ज्या प्रसंगी झाला असे सर्वत्र मानतात, तो प्रसंग मोर्चाचा नसून मेजवानीचा होता. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेज्विक अ‍ॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांपुरते पैसे जमावेत म्हणून एका मुलीने तिकीट लावून नाच ठरविला. तबकड्या वाजविण्याचे काम तिच्या भावाकडे होते. तोच पुढे कूल हर्क या नावाने प्रसिद्ध झाला. लोक गाण्याच्या कोणत्या भागावर अधिक बेभान होतात हे त्याने हेरले होते. गाणारा थांबतो आणि नुसता ताल उरतो, तो तुकडा दोन तबकड्यांच्या साहाय्याने त्याने लांबवीत नेला आणि त्यावर नाचणाऱ्यांना उद्देशून हाका घातल्या. त्या हाकांतून रॅप निघाले. १९७९ साली ज्या ‘रॅपर्स डिलाइट’ने ही कला जगभर नेली, ते गाणेही निव्वळ मौजेचे. दारिद्र्याचे व गलिच्छ वस्त्यांचे चित्र काढणारे ‘द मेसेज’ आले ते १९८२ साली, म्हणजे त्या पहिल्या नाचानंतर नऊ वर्षांनी. तेव्हा नाच हा रॅपचा भ्रष्टाचार नसून त्याचे बालपण आहे. संताप त्यात मागाहून शिरला, आणि तो शिरू शकला तो नाचणाऱ्यांनी आधी गर्दी जमवून ठेवली होती म्हणूनच.

बरे, संतापाचे रॅप हेच खरे रॅप अशी ज्यांची श्रद्धा, त्यांनी मराठीत तसे रॅप निघाले तेव्हा काय केले? २०२३ सालच्या एप्रिल महिन्याची आठवण पुष्कळांस असेल. राज्यातील सत्तांतरावर व पैशाच्या देवघेवीवर झणझणीत गाणे रचणाऱ्या एका तरुणावर अंबरनाथ येथे गुन्हा नोंदविण्यात आला. त्याच महिन्यात पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत शिवराळ भाषेचे एक रॅप चित्रित झाल्याचे उघडकीस येऊन तेथेही पोलिसांत प्रकरण गेले. दोन्ही प्रकरणे एका जातीची नव्हेत; एकात राजकीय टीका होती, दुसऱ्यात विद्येच्या मंदिरात केलेला वावगेपणा होता. परंतु आमच्या बैठकींतून दोहोंना एकाच सुपात घालून पाखडण्यात आले: “ही पोरे बिघडली!” म्हणजे रॅपने नाच केला तर ते उथळ, टीका केली तर ते उद्धट, आणि शिवी दिली तर, अर्थातच, ते अश्लील. या पोरांनी नेमके काय केले असता आमच्या मंडळींचे समाधान होईल, हे कोणी सांगेल तर आम्ही ते त्यांना अवश्य कळवू.

आता अश्लीलतेकडे वळू, कारण खरा दंश तेथेच आहे. ‘ही गाणी ग्राम्य आहेत’ असे जे म्हटले जाते त्यात ‘ग्राम्य’ या शब्दाचे दोन अर्थ बेमालूम मिसळलेले असतात: एक ‘बीभत्स’ आणि दुसरा ‘गावंढळ’. पहिला आरोप सिद्ध करावा लागतो. दुसरा नुसत्या नाक मुरडण्याने भागतो. म्हणून आमचे टीकाकार पहिल्याच्या नावाखाली दुसरा करतात.

हे म्हणणे कठोर वाटेल, म्हणून पुरावा देतो. यो यो हनी सिंग या पंजाबी गायकाचा ‘इंटरनॅशनल व्हिलेजर’ हा संग्रह २०११ साली निघाला, आणि तेव्हापासून कित्येक वर्षे दारू, मोटारी व मुली यांवाचून दुसरा विषय नसलेली त्याची व त्याच्या अनुयायांची गाणी आमच्या डॉक्टर-वकिलांच्या घरच्या हळदीसंगीताच्या कार्यक्रमांतून राजरोस वाजली. हळदीला ‘संगीत’ जोडण्याची चाल तरी आपली कोठे होती! २०१२च्या डिसेंबरातील दिल्लीच्या अमानुष प्रकारानंतर या गायकाच्या नावावर खपणाऱ्या एका अत्यंत हिडीस गाण्यावरून देशभर ओरड झाली, गुडगाव येथील त्याचा नववर्षाचा कार्यक्रम रद्द झाला. ते गाणे आपले नव्हेच असे त्याने सांगितले. नागपुरात पाचपावली पोलिस ठाण्यात त्याच्या गाण्यांवरून अश्लीलतेचा गुन्हा दाखल झाला, आणि २०२२ साली न्यायालयाच्या आज्ञेने त्याला आवाजाचे नमुने देण्यास तेथे यावे लागले. नागपूर काही फार दूर नाही. ही बातमी येथेही सर्वांनी वाचली. तिच्यामुळे कोणा प्रतिष्ठिताच्या घरच्या गाण्यांची यादी बदलल्याचे आम्ही पाहिले नाही. पंजाबीत म्हटलेले बीभत्स चालते, कारण ते अर्धवट समजते आणि चकचकीत असते. मराठीत म्हटलेले ‘मला साडीत पाहून माझे छायाचित्र काढ’ एवढे निरुपद्रवी मागणे मात्र ‘ग्राम्य’ ठरते, कारण ते पूर्ण समजते व ते कोठून आले हेही समजते.

ही सवय नवी नाही. १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपट निघाला. किर्तनाच्या घराण्यातील विद्वान ब्राह्मण तमाशाच्या फडात जाऊन लावणी रचतो ही त्याची कथा, आणि ती पाहण्यास सुशिक्षित कुटुंबांनी झुंबड केली. लगोलग, स्वातंत्र्य मिळाल्यावर थोड्याच काळात, मुंबई राज्यात खऱ्याखुऱ्या तमाशावर सरकारी बंदी आली. (आमचे वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात असल्याने त्या पुण्यात आमचा वाटा नाही.) पडद्यावरची लावणी कला ठरली, आणि कनातीतली लावणी गुन्हा ठरली. पुढे बंदी अटींवर उठली. १९५६ साली म. वा. धोंडांनी ‘मऱ्हाटी लावणी’ हा ग्रंथ लिहून तिच्या घाटाची व शृंगाराची मार्मिक चिकित्सा केली. आणि आज लावणीचे नाव निघाले की ज्यांचे डोळे पाणावतात, त्यांच्यापैकी कित्येकांच्या आजोबांनी घरातल्या मुलांना फडाकडे फिरकू दिले नव्हते. वाजवणारे हयात असेपर्यंत तिटकारा आणि ते गेल्यावर संशोधन, असा हा क्रम आहे. आनंद शिंदे यांच्या ‘नवीन पोपटा’ची ध्वनिफीत घराघरांत पोचली तेव्हाही हेच झाले. वामनदादा कर्डकांच्या गीतांचे (वामनदादा १९२२ साली जन्मले व २००४ साली वारले) विद्यापीठांतून आज परिसंवाद होतात. ती गीते वस्तीच्या चौकात वाजत होती तेव्हा परिसंवादकर्ते खिडक्या लावून घेत होते.

खिडक्या लावण्याने काय होते याचा एक मोठा प्रयोग याच देशात, एका मराठी गृहस्थाच्या हातून होऊन गेलेला आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ ते १९६२ पर्यंत केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री होते. गृहस्थ विद्वान, संगीताचे खरे प्रेमी आणि हेतूने शुद्ध. चित्रपटगीतांनी लोकांची रुची बिघडते अशी त्यांची खात्री असल्यामुळे आकाशवाणीवरून ती गीते जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ घरोघर पोचली आणि आकाशवाणीचे अभिजात संगीत रिकाम्या खोलीत वाजत राहिले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी खुद्द सरकारलाच ‘विविध भारती’ काढावी लागली. ज्या गाण्यांनी लोक बिघडणार होते, त्यांतली कित्येक आज ‘सुवर्णयुगा’ची म्हणून आमचे तक्रारखोर मित्र नातवंडांना ऐकवतात.

येथवर वाचून दुसऱ्या तटाची मंडळी खूश झाली असतील, तर त्यांनी जरा थांबावे.

या मंडळींचे गाण्यावरील भाष्य आकड्यांनी सुरू होते व आकड्यांनीच संपते. ‘गुलाबी साडी’ यूट्यूबवर दहा कोटींहून अधिक वेळा पाहिले गेले. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील फलकावर ते झळकले. ‘तांबडी चामडी’ हॉलंडमधील ‘स्पिनिन रेकॉर्ड्‌स’ या नामांकित कंपनीने काढले आणि तिच्याकडून निघालेले ते पहिले मराठी गाणे ठरले. या गोष्टी खऱ्या आहेत व त्या तरुणांच्या कर्तृत्वाच्या आहेत, त्यांचे आम्हांसही कौतुक वाटते. पण त्यावरून मराठीचा झेंडा अटकेपार गेला असा जो घोष चालतो, त्यात अभिमानापेक्षा न्यूनगंड अधिक आहे. टाइम्स स्क्वेअरचा फलक ही जाहिरातीची जागा आहे. तेथे दिवसाकाठी साबणापासून सिनेमापर्यंत शेकडो गोष्टी झळकतात व मावळतात. डच कंपनी गाणे काढते ते ज्ञानेश्वरांच्या भाषेवरील भक्तीने नव्हे. तिला नवा सूर व नवा बाजार हवा असतो. परक्याने पाठ थोपटल्याखेरीज आपल्या पोराचा हात धरावयाचा नाही, ही जी आमची जुनी रीत, तिचाच हा नवा अवतार. उद्या फलकावर न झळकलेले, पण दसपट सरस मराठी रॅप निघाले, तर ही मंडळी त्याला ओळखणार कशाने?

आणि आकडा मोजणाऱ्यास गाण्यातले गुण तरी कोठे दिसले आहेत? ‘तांबडी चामडी’ घ्या. त्याच्या नुसत्या नावातच एक धिटाई आहे, जी कोणा समर्थकाने बोलून दाखविल्याचे आम्हांस आठवत नाही. आपल्या विवाहाच्या जाहिरातींत वधू ‘गोरी’ हवी असते; आपल्या सिनेमातील नायिका पिढ्यान्‌पिढ्या ‘गोरी’ या नावानेच हाक खाते; कातडी उजळण्याच्या मलमांवर कंपन्या गबर झाल्या. अशा देशात उन्हाने रापलेली, तांबूस झालेली कातडी ही नाचाच्या गाण्याची शोभा म्हणून पुढे करणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. आमच्या उमरखेड तालुक्यात पैनगंगेच्या काठी उसात व कपाशीत राबणाऱ्या माणसांची कातडी त्याच रंगाची आहे. तिच्यावर अंगणात पोरे आनंदाने नाचतात हे पाहून आम्हांस तरी बरे वाटले. गाण्याचा दोष असा की, ही चांगली कल्पना सापडल्यावर तो कवी तिच्याच दारात बसून राहतो. ऊन कसले, ते कोणाच्या पाठीवर पडले, चमक घामाची की तेलाची, यातले काहीही तो विचारीत नाही. ठेका त्याला पुढे जाऊ देत नाही. हाऊसचा ठेका मिनिटाला सुमारे सव्वाशे ठोक्यांचा, प्रत्येक मात्रेवर सारखाच जड आघात. ढोलकीत जो झोल असतो, मागेपुढे रेंगाळून समेवर झडप घालण्याची जी लकब असते, ती त्यात नाही. तशा सपाट जमिनीवर शब्दांनीच चढउतार निर्माण करावे लागतात. अमृतराय तेथे काय करता याचा विचार करून पाहण्यासारखा आहे.

‘गुलाबी साडी’चा घाट याहून मराठी आहे. नटूनथटून उभी असलेली स्त्री आपल्या रूपाचे वर्णन आपणच करते व प्रियकराला आपले छायाचित्र काढावयास सांगते. रंगाची, साडीची, शृंगाराची ही यादी लावणीतून सरळ चालत आली आहे. आरशाच्या जागी भ्रमणध्वनी आला एवढेच. चाल एकदा ऐकली की सुटत नाही, आणि ही गोष्ट ज्यांना सोपी वाटते त्यांनी एक तशी करून दाखवावी. परंतु ध्रुवपद ओलांडले की मनात घर करील अशी ओळ आम्हांस सापडली नाही. कारण उघड आहे. हल्ली गाणे पूर्ण ऐकण्यासाठी होत नाही. अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये बसेल तेवढा तुकडा घासूनपुसून लखलखीत करावयाचा व उरलेले कसेबसे भरावयाचे, हा बाजाराचा नियम झाला आहे. अजय-अतुल यांच्या २०१६ सालच्या ‘झिंगाट’शी ताडून पाहा. तेही वरातीतलेच गाणे. पण त्यात गावातला एक उतावळा पोरगा आरंभापासून शेवटापर्यंत उभा राहतो, त्याची फजिती व फुशारकी दोन्ही दिसतात. नाचाच्या गाण्याला व्यक्ती उभी करता येते याचा हा पुरावा समोर असताना राठोडांनी एवढ्यावर समाधान मानू नये.

राठोडांविषयी आणखी एक गोष्ट आमच्या गावातून पाहणाऱ्यास टाळता येत नाही. ते बंजारा समाजातील, तांड्यातून आलेले. पुसद, महागाव, उमरखेड हा सारा पट्टा तांड्यांचा आहे. होळीच्या दिवसांत तेथे डफावर लेंगी घुमतात, फेर धरले जातात, थट्टामस्करीची गाणी रात्र रात्र चालतात. घरची बोली गोरमाटी, शाळेची व बाजाराची मराठी. अशा घरातला मुलगा आपल्या गाण्यासाठी मराठी निवडतो आणि तीत महाराष्ट्राला नाचवतो, यात मराठीचा लाभ किती मोठा आहे याची जाणीव आमच्या भाषाभिमान्यांस असावयास पाहिजे होती. ती नाही. पुसदजवळच्या गहुलीच्या तांड्यातून वसंतराव नाईक निघाले व १९६३ ते १९७५ इतका काळ मुख्यमंत्री राहिले, याचा अभिमान आम्ही सर्वजण भाषणांतून सांगतो. तांड्यातून मुख्यमंत्री निघालेला चालतो. गाणारा निघाला की अभिरुची धोक्यात येते! ज्यांनी आपली मुले इंग्रजी शाळांत घालून घरातही मराठीला परसदारी बसविले, त्यांनी तांड्यातल्या मुलाने मराठीची कोणती साडी नेसावी हे ठरवू नये. त्यांच्या घरातील मुलांच्या तोंडी आज आपखुशीने येणारे मराठी शब्द कोणते, याची एकदा त्यांनी यादी करावी. तीत याच गाण्यांचे शब्द पुष्कळ निघतील असा आमचा कयास आहे.

राहता राहिला आवाज. ही तक्रार खरी आहे व आम्ही तिच्यात पूर्ण सामील आहोत. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद असावयास पाहिजेत, वर्षातून सरकार ठरवील त्या १५ दिवसांची सवलत सोडून. हे कोठेही पाळले जात नाही. डीजेच्या भिंतीसमोर छातीचा पिंजरा हादरतो, वृद्धांस व आजाऱ्यांस रात्र काढणे कठीण होते. पण हा दोष भोंग्याचा आहे, गाण्याचा नव्हे. त्याच भिंतीतून भूपाळी लावली तरी ती तितकीच असह्य होईल, आणि आमच्या गावात भक्तिगीतेही तशी लागतातच. त्याविरुद्ध पोलिसांत जावे. आम्ही बरोबर येऊ. परंतु ‘आवाज कमी करा’ असे म्हणण्याचा धीर नाही म्हणून ‘गाणे वाईट आहे’ असे म्हणावयाचे, ही टीका नव्हे. आणि मिरवणूक आपल्या पक्षाची किंवा आपल्या जातीची असली की तेवढाही शब्द निघत नाही, हे तर आपण सर्वच पाहतो.

आमच्या मासिकांकडेही थोडे बोट दाखविले पाहिजे. ज्याच्या पाचशे प्रती खपावयास पाच वर्षे लागतात अशा कवितासंग्रहावर आम्ही चार-चार पाने खर्च करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु जे शब्द लाखो मराठी तोंडांतून रोज जातात त्यांवर एक कॉलमही कोणास लिहावासा वाटत नाही. मग लिहितो कोण? आकडे छापणारे. अशा गाण्याचे परीक्षण करणाऱ्याने ते चार वेळा पूर्ण ऐकावे, एकदा घरात व एकदा रस्त्यावर. शब्द कागदावर उतरवून घ्यावे. ते ज्या बोलीत आहेत ती बोली समजून घ्यावी. आणि मग कोठे चाल शब्दांना तोलते, कोठे शब्द नुसते पोकळी भरतात, हे नाव घेऊन सांगावे. स्त्रीविषयी हलके शब्द असतील तर ते दाखवून द्यावे, पंजाबीत असले तरीही. संजू राठोडांचे २०२५ सालचे ‘शेकी’ हे गाणेही तसेच गाजले. ते ऐकताना साचा पुन्हा तोच आहे असे आम्हांस वाटले, आणि हे त्यांना सांगणारा एकही परीक्षक आमच्या वाचनात आला नाही. निंदकांस ते सांगण्यात रस नव्हता व स्तुतिपाठकांस धीर नव्हता.

लावणीतली स्त्री नटते, पण नटून थांबत नाही. ती प्रियकराला उशिराबद्दल फटकारते, सवतीवरून टोमणे मारते, विरहाचा हिशेब मागते, प्रसंगी दारातून परत पाठवते. गुलाबी साडीतील बाई अजून छायाचित्रासाठी उभीच आहे. ते काढून झाल्यावर ती काय म्हणते, हे राठोडांच्या पुढच्या गाण्यात ऐकावयास आम्हांस आवडेल.